ओढ्यापलीकडचा ओटा

श्री खंडेराव प्रसन्न

मी, विश्वासराव पांडुरंगराव जगदाळे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार लष्कर, ग्वाल्हेर, धंदा मोटर वाइंडिंग (हात थरथरू लागल्यापासून बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. भीती मात्र एका माणसाची आहे, माझा मुलगा चि. राजवर्धन याची. तो मला कधी वर आवाज करून बोललेला नाही, म्हणूनच वाटते.

मराठी मला शाळेने शिकवली नाही. शाळा हिंदीची, तीही आठवीपर्यंत. वडिलांची नजर गेली तेव्हा त्यांना रोज संध्याकाळी वाचून दाखवावं लागे, त्यात जी आली ती ही. कुठे हिंदी वळण लागलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. सिटी सेंटरमधल्या वकील शिखाबाई म्हणाल्या, "अंकल, हिंदी में लिखिए, आगे आसानी रहेगी." त्यांना कचेरीपुरती हिंदी नक्कल करून दिली आहे. पण घरच्यांची माफी मागायची ती घरच्या भाषेत मागावी, म्हणून खरं मृत्युपत्र हेच समजावं.

कलम १. राहतं घर.

लष्करातलं राहतं घर, वरची गच्ची आणि जिन्याखालची कोठडी धरून, सौ. गरिमा आणि चि. राजवर्धन या दोघांना मिळून द्यावं. कागदावर सुनेचं नाव आधी घालावं. माझी पत्नी कै. विमल अंथरुणाला खिळली तेव्हा गरिमा रोज तिचे केस विंचरून वेणी घालत असे. ही मुलगी मथुरेकडची, आमची भाषा तिला लग्नानंतर कानावरून आली. तरी विमलच्या शेवटच्या दिवसांत तिचं पुटपुटणं तिलाच कळायचं, मला नाही. मी पलीकडच्या खोलीत पंख्याचं कॉइल भरत बसायचो. काम तातडीचं आहे असं सांगायचो. कोणाचाच पंखा इतका तातडीचा नव्हता.

वरच्या मजल्याचा नळ उलटा फिरतो. तो बदलू नये, नळवाला पैसे घेऊन सगळी पाइप फोडतो.

कलम २. बँक आणि पोस्ट.

बँकेतली मुदत ठेव आणि पोस्टातलं जे काही असेल ते सगळं माझी मुलगी सौ. मंजिरी, राहणार इंदूर, हिला द्यावं. ती नको म्हणेल. तिला सांगावं की ही सायकल आहे. तिने मागितली होती तेव्हा मी म्हणालो, नई सडकच्या गर्दीत मुलींनी सायकल चालवायला जागा कुठे आहे. पुढच्याच वर्षी राजवर्धनला घेऊन दिली, आणि त्याला जागा सापडली. सायकल पुसायचं काम मंजिरीने अंगावर घेतलं आणि ती रोज पुसायची. ते फडकं मला अजून दिसतं.

कलम ३. हत्यारं.

वाइंडिंगचं हातमशीन, तारेचं इन्सुलेशन तपासायचा मेगर, तारेची मापं, वार्निशची भट्टी आणि उरलेली तांब्याची तार नात कु. अवंतिका हिला. ती इलेक्ट्रिकलचं शिकते. मला म्हणाली, "आजोबा, आता हे सगळं कारखान्यात होतं." होत असेल. पण जळलेली मोटर उघडली की वासावरून कळतं कोणाची चूक आहे, वापरणाऱ्याची की भरणाऱ्याची. ते कारखान्यात कोण शिकवणार. मला कोणी शिकवलं नाही, मी लोकांच्या मोटरी बिघडवून शिकलो. त्या लोकांचीही इथे माफी मागून ठेवतो.

कलम ४. लोखंडी शिडी.

माझा चुलत भाऊ मधु याने माझी लोखंडी शिडी दिवाळीच्या रंगाला म्हणून नेली, त्या वेळी राजवर्धन पाळण्यात होता. ती परत आली नाही. दर दिवाळीला मी विचारतो, "मधु, शिडी?" तो म्हणतो, "कोणती शिडी?" मी त्याच्या घरी जातो तेव्हा त्याच शिडीवर त्याची बायको लोणच्याच्या बरण्या वाळत घालते. ही शिडी मी मधुला देऊन टाकतो, म्हणजे माझ्यानंतर तरी तिच्याकडे बघताना त्याची मान वळू नये.

कलम ५. कैथोरीचं शेत आणि ओढा.

आता खरं लिहायचं ते. आधीची कलमं एका बैठकीत झाली, या कलमाला श्रावण आणि भाद्रपद गेले.

मौजे कैथोरी इथलं शेत आमच्या पणजोबांना पलटणीतल्या चाकरीबद्दल मिळालं. शेताच्या पूर्वेला ओढा आहे. सरकारी नकाशात त्याला नाव नाही. एक निळी रेघ आहे आणि शेजारी 'नाला' एवढंच आहे. म्हणून त्याची वाट इथे नीट लिहून ठेवतो.

हा ओढा कैथोरीमागच्या टेकडीत एका खडकाखाली सुरू होतो. सुरू होतो म्हणजे नुसता ठिबकतो, तिथे गावकरी त्याला टपका म्हणतात. तिथून वीटभट्टीच्या मागून खाली येतो. देवीच्या ठाण्याजवळ येईपर्यंत त्यात म्हैस बसेल एवढं पाणी असतं, तिथे त्याला माता का नाला म्हणतात. आमच्या शेताशी आला की हाताचं कोपर वाकवावं तसा वळतो. त्या वळणापासून त्याचा पश्चिमेचा काठ आमचा आणि पूर्वेचा काठ कुशवाहांच्या भाजीच्या वाडीचा. पुढे बाभळीत शिरतो आणि खाली मोठ्या नाल्याला मिळतो. पाणी सरकारचं आहे, ते कोणी कोणाला देऊ शकत नाही. काठ देता येतात आणि घेताही येतात. आम्ही घेतला.

वळणापासून खालच्या भागाला सगळी पंचक्रोशी दुलैया म्हणते. तिकडच्या बोलीत दुलैया म्हणजे नवी नवरी. ही नवरी म्हणजे गेंदाबाई कुशवाह. मी त्यांना भौजी म्हणतो. त्या लग्न होऊन आल्या तो आषाढ होता आणि ओढ्याला पूर आला होता. वऱ्हाड अलीकडे अडकलं. नवरदेवाचा काका म्हणाला, पाणी उतरेपर्यंत बसू. गेंदा भौजी गाडीतून उतरल्या, लुगडं खोचलं, आणि बैलाची शेपूट धरून पलीकडे गेल्या. मग लाजेने सगळं वऱ्हाड मागून गेलं. तेव्हापासून ते नाव आहे. आता भौजींच्या तोंडात दात उरले नाहीत, पण ओढा अजून नवरीच आहे.

आमच्या घरात मात्र याच ओढ्याला शिलंगणाचा ओढा म्हणतात. दक्षिणेतून आलेली आमची माणसं शिपाईगडी. दसऱ्याला हद्द ओलांडल्याशिवाय सण व्हायचा नाही. इथे ओलांडायला शत्रूची हद्द कुठून आणणार. म्हणून शेताच्या टोकाला जाऊन ओढा ओलांडायचा, पलीकडे भगवं निशाण टेकवायचं, शमीची पानं घ्यायची आणि परत यायचं. दसऱ्यापर्यंत पाणी घोट्याएवढं होतं. तेवढं ओलांडून आम्ही मिशीला पीळ देत परतायचो.

पलीकडे भौजींची वाडी. त्या दरवर्षी हसत विचारायच्या, "आ गए दादा साब, मुलुक जीतने?" मग ओंजळभर पेरू द्यायच्या. जिंकायला आलेल्यांना पेरू देणारी ही एकच प्रजा असेल.

वडिलांचे गुडघे गेले तसं त्यांना ओलांडून लगेच परत फिरणं जमेना. मी त्यांच्यासाठी पलीकडच्या काठावर विटांचा एक ओटा बांधला. निशाण उभं करायला मधे एक भोक ठेवलं. भौजींच्या नवऱ्याला, दयाराम दद्दांना, विचारून बांधला. ते म्हणाले, "बना लो, हम भी बैठेंगे." विटा त्यांनीच भट्टीवरून आणून दिल्या.

पुढे एका दुष्काळात जमिनीची नवी मोजणी आली. ओढा कोरडा पडला होता, पात्रात झुडपं माजली होती, कुठला काठ आणि कुठलं पात्र ते परक्याला कळण्यासारखं नव्हतं. दद्दा त्या दिवशी भाजी घेऊन मंडीला गेले होते. मोजणीवाल्याने ओट्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "ये चबूतरा किसका है?"

मी म्हणालो, "हमारा."

ओटा आमचाच होता. माझ्या हाताने रचलेला. त्याने जमीन विचारली नव्हती आणि मी जमीन सांगितली नव्हती. त्याने मान हलवली आणि साखळी ओट्यापर्यंत ओढली. मी बघत होतो. साखळीचं टोक पेरूच्या झाडांमधून सरळ जाताना दिसत होतं. मला वाटलं, त्याला माहीत असेल तो काय करतोय. हे वाटणं मी इतकी वर्षं जपून ठेवलं आहे.

नकाशा आला तेव्हा आमच्या गटाची रेघ ओट्याच्या बाहेरून गेलेली होती. पेरूची झाडं आणि त्यांच्या विहिरीचं तोंड आमच्या रेघेच्या आत. वडील पोट धरून हसले. म्हणाले, "कितीक पिढ्यांनी जगदाळ्यांनी मुलूख मारला." पेढे आणवले. मीही एक खाल्ला.

दद्दा नकाशा घेऊन आले. वडील खरंच मोठ्या मनाने म्हणाले, "तुम जोतते रहो दयाराम, हम थोड़े ही रोक रहे हैं." आणि आम्ही खरंच कधी रोखलं नाही, एक पेरूही मागितला नाही. दद्दा म्हणाले, "ठीक है, मालिक." त्या दिवसापर्यंत ते वडिलांना दादा साब म्हणायचे. त्यानंतर मरेपर्यंत मालिक म्हणाले. वडिलांना तो मान वाटला. मला तेव्हाच तो शब्द टोचला, पण टोचलेलं काढायला जावं लागतं, आणि मी गेलो नाही. दसऱ्याला मात्र न चुकता गेलो.

हे सगळं असंच चाललं असतं. पण आता वाडीच्या पलीकडून नवा रस्ता गेला आहे. कॉलनी बांधणारे जमीन बघून गेले. आमच्या शेताला त्या रस्त्यावर उतरायला वाट एकच, ती पूर्वेच्या काठाची पट्टी. राजवर्धनचं औषधाचं दुकान भाड्याचं आहे आणि मालक जागा मागतो आहे. पट्टीसकट शेत दिलं तर त्याचं स्वतःचं दुकान होईल. त्याने मला मोबाइलवर नकाशा दाखवला आणि म्हणाला, "बाबा, हे बघा, कागदात आपलंच आहे." तो खोटं बोलत नाही. कागदात आहे तेवढंच खरं सांगतो. ही सवय त्याने माझ्याकडून घेतली.

मी म्हणालो, दिवाळीनंतर बघू.

सबब असं लिहून ठेवतो की, सदर पट्टी, ओटा, झाडं आणि विहिरीच्या काठासह, माझ्या मृत्यूनंतर श्रीमती गेंदाबाई बेवा दयाराम कुशवाह यांना मिळावी, आणि त्या नसल्यास त्यांचा मुलगा राघव यास. बाकी पश्चिमेकडचं शेत चि. राजवर्धन यास. त्याला रस्ता उरत नाही हे मला ठाऊक आहे. हे कलम त्याला मी गेल्यावरच कळेल. त्याचा चेहरा मला बघावा लागू नये म्हणून अशी सोय केली आहे. घाबरट माणसाची सोय आहे, पण सोय आहे.

(वरील कलम ५ मधील शेवटचा परिच्छेद रद्द. शिखाबाई म्हणाल्या, सगळं नव्याने स्वच्छ लिहा. मी नको म्हणालो. खोडलेलं दिसू दे.)

कलम ६. पुरवणी.

यंदाच्या दसऱ्याला राजवर्धन दुकानात अडकला होता, म्हणून मी गरिमाच्या स्कूटीवर मागे बसून कैथोरीला गेलो. हे मृत्युपत्र खिशात होतं. मला वाटलं होतं, भौजींना सांगावं, म्हणजे त्यांचं मन हलकं होईल. खरं तर माझं व्हायला हवं होतं.

गरिमाने हात धरून ओढा ओलांडून दिला. भौजी ओट्यावर मिरच्या निवडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आ गए दादा साब? अब तो कागज में भी जीत लिया, अब काहे को कूदते हो इस उमर में?"

हसत म्हणाल्या. चाळीस-एक वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कागदाचं नाव काढलं.

मी खाली मान घालून कलम वाचून दाखवलं, हिंदी करून. वाटलं, डोळ्याला पदर लावतील. त्यांनी एक किडकी मिरची लांब फेकली आणि विचारलं, "गवाही कौन देगा?"

म्हटलं, मिळेल कोणीतरी.

"हम देंगे. चबूतरा बनते हमने देखा, नाप होते हमारे देवर ने, राघव के कक्का ने देखा. हमसे बड़ा गवाह कौन है?"

मी तिथूनच शिखाबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. त्या म्हणाल्या, "अंकल, जिनको मिल रहा है वही गवाह बनें तो कल को कोई भी उंगली उठाएगा. किसी और को लीजिए."

भौजींनी सगळं ऐकलं. "मतलब," त्या म्हणाल्या, "जब तक चीज तुम्हारी जेब में है, तब तक हमारी गवाही कच्ची?"

मी कागदाची घडी करून खिशात घालू लागलो.

"और जे कागज तुम्हारे मरे पे खुलेगा?"

"हो, भौजी."

"हम तुमसे बड़े हैं. पहले हम गए तो?"

मी म्हणालो, मग राघवला मिळेल, तसं लिहिलंय.

"राघव को तो मिलेगी. हमको क्या मिलेगा?"

हे मी लिहिताना धरलंच नव्हतं. ज्या बाईने माझ्या बापाला पेरू दिले, तिची जमीन मी तिच्या मागे उरणाऱ्यांच्या हातात देत होतो, आणि ते देणंही माझ्या मढ्यामागे लपून. मी ओट्याच्या कडेला टेकलो. भौजींनी मिरच्यांचं सूप माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "बैठे ही हो तो डंठल तोड़ो." मी देठं तोडली.

गरिमाने हे सगळं तिथे उभं राहून ऐकलं. ओढा परत ओलांडताना तिने विचारलं, "पापाजी, राज को आप बताओगे कि मैं?"

मी म्हणालो, मी सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा व्हायच्या आत सांगितलं, नाहीतर चहाबरोबर गिळलं असतं. राजवर्धनने ओरडायला हवं होतं. त्याने हळूच विचारलं, "बाबा, तुम्हाला हे इतकी वर्षं माहीत होतं?"

"हो."

"आणि आजोबांना?"

"हो."

"मग तुम्ही दोघं मिळून गप्प बसलात, आणि देऊन टाकायची पाळी आली ती मेरे टाइम पे?"

हे त्याचं म्हणणं मी इथे जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण ते बरोबर आहे. वडिलांनी पेढे वाटले, मी पेरू खाल्ले, आणि भरायची वेळ आली ती त्याच्यावर. दद्दांशी एक अन्याय झाला, तो निस्तरताना माझ्या मुलावर दुसरा झाला. यातून सगळ्यांना बरं वाटेल अशी वाट मी शोधली, मला सापडली नाही. ती मोजणीच्या दिवशी होती, एका वाक्याएवढी. चबुतरा आमचा, जमीन यांची. एवढं म्हटलं असतं तर आज राजवर्धनने त्या पट्टीची आस धरलीच नसती. जे हातात कधी नव्हतं ते गेल्याचं दुःख मी त्याला दिलं.

त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. गोळी घेतली का, एवढं मात्र रोज विचारतो.

पट्टी मी मृत्यूपर्यंत न थांबता रजिस्टर्ड दानपत्राने गेंदाबाईंच्या नावे करून दिली आहे. दान हा शब्द मला लिहवेना. शिखाबाई म्हणाल्या, कायद्यात याला दुसरं नाव बसत नाही. म्हणून इथे स्पष्ट करतो की मी काही दिलेलं नाही, परत केलं आहे.

रजिस्ट्रीच्या दिवशी सकाळी मी रिक्षा बघायला निघालो तर राजवर्धन गाडीची किल्ली घेऊन दारात उभा होता. कैथोरीहून भौजींना घेतलं, कचेरीपर्यंत आणलं, आणि तो गाडीतच बसून राहिला. आत आला नाही. मी त्याला बोलावलं नाही, तेवढी अक्कल मला आता आली आहे.

आत कारकुनाने चतुःसीमा भरताना विचारलं, "पश्चिम में क्या है?"

"नाला."

"नाले का कोई नाम?"

ओठांवर आमचंच, शिलंगणाचं नाव आलं होतं. वडील, आजोबा, निशाण, पेढे, सगळं त्या नावात आहे. शेजारी भौजी लाकडी बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मी म्हणालो, "दुलैया. लिखिए, दुलैया नाला." कारकुनाने मान वर न करता लिहिलं. भौजींनी पदराने तोंड झाकलं. हसत होत्या की काय, मला कळलं नाही.

बाहेर आलो तर राजवर्धनने मागचं दार उघडून धरलं होतं. भौजींना म्हणाला, "अम्मा, सिर बचा के." मग मला विचारलं, "यांना वाडीत सोडायचं की रस्त्यावर?"

मी म्हणालो, वाडीत.

कलम ७. मागे राहणाऱ्यांना सूचना.

(अ) पश्चिमेकडचं शेत चि. राजवर्धन याचं. विकायचं की ठेवायचं ते त्याने ठरवावं, माझा आत्मा मधे येणार नाही. वाटेबद्दल राघवशी बोलायचं असेल तर बोलावं, पण माणसासारखं, मागायला जातात तसं. नाही म्हणाले तर परत यावं आणि पेरू दिले तर घ्यावेत.

(आ) दसऱ्याला घरातलं कोणी कैथोरीला गेलं तर ओढा ओलांडण्याआधी अलीकडे उभं राहून हाक मारावी. पलीकडून या म्हणाले तरच ओलांडावं. निशाण नेऊ नये. ओटा आता मिरच्या वाळवायला आहे, तो पाडू नये अशी माझी विनंती आहे, हक्क नाही.

(इ) माझ्या अस्थी त्या ओढ्यात सोडू नयेत. त्या पाण्यावर मेथी पिकते.

(ई) कलम ४ मधली शिडी. साक्षीदार म्हणून मधुच हवा होता, कारण माझी सही तोच ओळखतो, लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर माझ्या वडिलांची सही तोच करायचा आणि माझी सही हुबेहूब तशीच वळते. पण शिखाबाईंचा नियम त्यालाही लागला. म्हणून शिडी त्याला आज, माझ्या हयातीत, तोंडी देऊन टाकली. कलम ४ रद्द. तो म्हणाला, "कोणती शिडी?"

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिलं. यापूर्वीचं कोणतंही असेल तर ते या कागदाने मोडलं. मला अजून काही आठवलं तर ते लिहायला बसणार नाही, उठून त्या माणसाकडे जाईन.

स्थळ : लष्कर, ग्वाल्हेर
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

(सही) विश्वासराव पांडुरंगराव जगदाळे

साक्षीदार

१. मधुकर संभाजीराव जगदाळे, राहणार लष्कर, ग्वाल्हेर. (सही)
विश्वासरावांनी माझ्यासमोर सही केली. सही त्यांचीच आहे, माझी नाही.

२. गेंदाबाई बेवा दयाराम कुशवाह, राहणार मौजे कैथोरी. (डाव्या हाताचा अंगठा)
सदर साक्षीदारास या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत, राजवर्धन विश्वासराव जगदाळे याने तिच्या सांगण्यावरून लिहून घेतलं, ते असं : "हमारे सामने दस्तखत किए. होश में हैं. देर से आए होश में, पर आ गए."